मावशींचा हिशेब

वॉटर्लू स्टेशनातून लंडन आयकडे जाणाऱ्या वाटेवर गेल्या आठवड्यात अचानक मराठी कानावर पडलं. पंजाबी ड्रेसवर जाड कोट, पायात कोरे पांढरे बूट, पर्स गळ्यातून आडवी घातलेली, अशा एक मावशी होत्या. लाल जाकिटातल्या ‘बिग इश्यू’वाल्यापुढे (बेघर माणसं रस्त्यावर विकतात ते साप्ताहिक) त्या थांबल्या, पर्सच्या आतल्या कप्प्यातून पाच पाउंडांची नोट काढून त्याच्या हातात दिली, आणि त्याने पुढे केलेला अंक दोन बोटांनी हलकेच मागे सारला. “राहू दे रे बाबा, तुलाच राहू दे.” तेही चक्क मराठीत. सोबतच्या मुलीने विचारलं, “अगं, घेतला का नाहीस?” तर म्हणाल्या, “मी कुठे वाचणारे ते! आणि बॅग आधीच तेवीस किलोला टेकलीये. तो परत विकेल की दुसऱ्याला. त्याचाच फायदा.” मुलगी गप्प बसली. विक्रेत्याने अंकाकडे एकदा बघितलं आणि तो गठ्ठ्यावर सगळ्यात वर ठेवून दिला.

मावशींचा हिशेब बरोबर होता. तेच बोचत राहिलं.

कारण इथून हाकेच्या अंतरावर, नदीवरच्या पादचारी पुलाच्या जिन्याशी, आमचा एक मित्र सहा वर्षं हेच साप्ताहिक विकत उभा असायचा आणि त्याच्या मते हा हिशेब साफ चुकीचा होता. का चुकीचा, ते त्याला आकड्यांत कधी मांडता आलं नाही. प्रयत्न मात्र त्याने पुष्कळ केला.

मूळचा तो छपरं शाकारणारा. वेल्सच्या खाणीतली काळी-जांभळी स्लेट, म्हणजे कौलांसारखा लावायचा पाटीचा दगड, तांब्याचे खिळे आणि खालच्या ओळीवर वरची ओळ किती चढवायची याचं गणित, यात त्याची तीस वर्षं गेली. घरं शाकारणाऱ्यालाच घर नाही, हा विनोद तो समोरच्याच्या आधी स्वतः करून मोकळा व्हायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला करायला शिल्लक राहत नसे. आधी खांदा गेला. रोजंदारीचं काम, त्यामुळे खांद्याबरोबर उत्पन्नही गेलं. मग घरमालकाची नोटीस आली. इंग्लंडात तेव्हा काही कारण न देता दोन महिन्यांच्या मुदतीवर भाडेकरूला घर सोडायला सांगता येत असे, आणि बेघर होण्याची ती एक नेहमीची वाट होती. नवी खोली घ्यायची तर अनामत, पहिल्या महिन्याचं भाडं आणि जामीनदार हवा. यातलं त्याच्याकडे काहीच नव्हतं. कौन्सिलकडे गेला तर तिथे नियमांची उतरंड: लहान मुलं आहेत का, गरोदर आहात का, गंभीर आजारी आहात का? पन्नाशीतला, एकटा, हातपाय धड असलेला पुरुष या उतरंडीत फार खाली येतो. म्हणून आधी मित्रांचे सोफे झाले. सोफ्याचं आयुष्य साधारण तीन आठवडे असतं असं तो सांगायचा. चौथ्या आठवड्यात घरातली बाई चहाचा कप जरा आवाज करून ठेवायला लागते.

त्यानंतर रात्रीच्या बसेस. ट्रफाल्गर चौकातून सुटणारी एन-२९ एनफील्डपर्यंत जाते. खालच्या मजल्यावरची शेवटची बाकं इंजिनाच्या ऊबेत असतात, पण ती सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे मिळत नाहीत. पिशवीचा पट्टा पायात अडकवून झोपायचं, शेवटच्या थांब्यावर चालकाने उठवलं की उतरायचं, समोरून सुटणारी दुसरी गाडी धरायची. तेव्हा तिकीट दीड पाउंड होतं. थंडीत गोठण्यापेक्षा दीड पाउंडात सव्वा तासाची झोप हा सौदा त्याला परवडायचा. वॉटर्लूच्या चौकाखालच्या भुयारी वाटांत ऐंशीच्या दशकात शेकडो माणसं खोक्यांच्या झोपड्या करून राहत. त्या वस्तीला ‘कार्डबोर्ड सिटी’च म्हणत. १९९८ मध्ये ती उठवली आणि तिथे आयमॅक्सचं काचेचं गोल थिएटर उभं राहिलं. मित्र त्या थिएटरकडे बोट दाखवून म्हणायचा, “छप्पर चांगलं केलंय.”

‘बिग इश्यू’ १९९१ मध्ये लंडनला सुरू झालं. गॉर्डन रॉडिक यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बेघर माणसं ‘स्ट्रीट न्यूज’ नावाचं वर्तमानपत्र विकताना पाहिली, आणि स्वतः पोरवयात रस्त्यावर झोपलेल्या जॉन बर्ड यांना बरोबर घेऊन हा उद्योग उभा केला. विचार सरळ आहे: दान द्यायचं नाही, माल द्यायचा. विक्रेता अंक घाऊक भावात स्वतःच्या पैशाने विकत घेतो आणि छापील किमतीला विकतो. मित्राच्या सुरुवातीच्या काळात अंक २.५० पाउंडांचा होता आणि विक्रेत्याला तो १.२५ ला पडे. आता ४ आणि २. पहिल्या दिवशी थोडे अंक फुकट मिळतात, तेवढंच भांडवल. राहायला घर नाही किंवा असलेलं घर जाण्याच्या बेतात आहे हे सांगायचं, आचारसंहितेवर सही करायची, फोटोचा बिल्ला गळ्यात घालायचा, लाल जाकीट घ्यायचं आणि ठरवून दिलेल्या जागेवर उभं राहायचं. जागेला ‘पिच’ म्हणतात. ती ज्याची त्याची असते, दुसऱ्याने तिथे उभं राहायचं नाही. दारू पिऊन विकायचं नाही, लोकांच्या मागे जायचं नाही, आणि भीक मागायची नाही. शेवटची अट नुसत्या सभ्यतेची नव्हे. १८२४ सालच्या भटकेपणाच्या कायद्याने भीक मागणं हा गुन्हा होता आणि मित्राच्या काळातही तो कायदा जिवंत होता. हातात अंक असला की माणूस फेरीवाला, नसला की आरोपी. मधे एवढाच चकचकीत कागद.

आणि विकला न गेलेला अंक परत घेतला जात नाही.

सगळा धंदा या एका वाक्यावर फिरतो. २० अंक उचलले की २५ पाउंड गुंतले. पहिले १० विकले जाईपर्यंत माणूस फक्त स्वतःचे पैसे परत मिळवत असतो, कमाई अकराव्यापासून सुरू होते. १४ गेले तर दिवसाचे १० पाउंड हाती, आणि उरलेले ६ अंक म्हणजे साडेसात पाउंडांची रद्दी व्हायच्या वाटेवर. सोमवारी नवा अंक आला की जुन्याला कुणी हात लावत नाही. आपल्याकडची भाजीवाली दिवेलागणीला मेथीची जुडी निम्म्यात देऊन टोपली मोकळी करते. इथे किंमत मुखपृष्ठावर छापलेली, शनिवारी संध्याकाळी उतरवायची सोय नाही. म्हणून खरं कसब विकण्यात नसून उचलण्यात आहे. मित्र सोमवारी १५ घ्यायचा, मंगळवारी १०, मग पाचसहा. कारण रोज गाडीने ये-जा करणारं नेहमीचं गिऱ्हाईक आठवड्यातून एकदाच घेतं, आणि बुधवारपर्यंत बहुतेकांचं घेऊन झालेलं असतं. त्यानंतर उरतात अनोळखी लोक. शनिवार-रविवारी वॉटर्लूला गर्दी तोबा असते, पण ती पर्यटकांची. त्यांना इंग्रजी साप्ताहिक नको, लंडन आयचं चाक हवं असतं. नवे विक्रेते नेमके इथे फसतात. गर्दी बघून शनिवारी ३० उचलतात आणि सोमवारी भांडवलाविना उभे राहतात. मग पुन्हा कुणाकडून तरी दहा पाउंड उसने.

उभं राहण्याचंही शास्त्र होतं. सकाळी आठला माणसं स्टेशनातून सुटलेल्या बाणासारखी कचेरीकडे जातात, त्यांच्या समोर उभं राहिलात तर ती वळसा घालतात. कडेला, खांबाच्या किंचित पुढे, छाती प्रवाहाकडे आणि पाय भिंतीकडे असं तिरकं उभं राहायचं, म्हणजे वीस पावलांवरून जाकीट दिसतं आणि ठरवायला वेळ मिळतो. गठ्ठा जमिनीवर ठेवायचा नाही. एक तर फरशीची ओल खालच्या अंकात चढते, आणि दुसरं, नजर खाली गेली की माणसाला भिकाऱ्याची आठवण होते. पायाखाली मात्र पुठ्ठा हवाच. थंडी हवेतून कमी आणि फरशीतून जास्त शिरते, आणि दोन मोजे घालून बूट घट्ट केले तर बोटं उलट लवकर बधिर होतात. हातमोज्यांची बोटं कापलेली, नाही तर नाणी मोजता येत नाहीत. पावसात तो प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा आणि हातगाडीच्या पट्ट्यावर एकावर एक अर्धे चढवून लावायचा, तोंडं खाली. पाणी एकावरून दुसऱ्यावर आणि मग खाली. स्लेटच ती. फक्त हे छप्पर संध्याकाळपर्यंत विकून संपवायचं असायचं.

नाण्यांची एक वेगळीच कहाणी. २.५० ही किंमत म्हटली की ५० पेन्सची नाणी लागतात. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची काळी डबी त्याच्या खिशात असे, तिच्यात सकाळी अशी सहा नाणी. लोक तीन पाउंड देऊन “ठेव” म्हणत, तरी डबी उघडून नाणं पुढे करायचंच, मग त्यांनी नको म्हणायचं, असा त्याचा शिरस्ता. गंमत अशी की त्याच नाण्यांवर मोठ्या रेल्वे स्थानकांचे संडासही चालत. २०१९ च्या एप्रिलपर्यंत तिथे आत जायला तीस-पन्नास पेन्स पडायचे. म्हणजे दुपारी डबीत एकच नाणं उरलं असेल तर ते गिऱ्हाइकासाठी ठेवायचं की स्वतःसाठी, हा रोजचा पेच. २०१७ मध्ये बारा कोनांचा नवा पाउंड आला आणि जुना गोल पाउंड १५ ऑक्टोबरनंतर दुकानांत चालेनासा झाला. त्या शेवटच्या आठवड्यांत लोकांनी घरातल्या बरण्या, कोटांचे खिसे, गाडीतले कप्पे झाडून सगळे गोल पाउंड रस्त्यावरच्या विक्रेत्यांच्या हातावर ठेवले. दानशूरपणाची लाटच आली म्हणा ना. पुढचे दोन दिवस तो बँकेच्या रांगेत.

मग नाणीच संपली. कार्ड टेकवणारी पिढी खिसे उलटे करून दाखवायला लागली, “सॉरी, कॅश नाही.” विक्रेत्यांना कार्डाची यंत्रं मिळाली त्याचं कौतुक खूप झालं, अडचणी कमी लोकांना कळल्या. यंत्राला स्मार्टफोन लागतो, फोनला चार्जिंग, आणि थंडीत बॅटरी दुपारीच मान टाकते. यंत्राला बँकेचं खातं लागतं आणि खात्याला पत्ता. बिनपत्त्याच्या माणसाला पत्र मिळवायची एक जुनी सोय इथे आहे, ‘पोस्त रेस्तांत’: ठरावीक टपाल कार्यालयाच्या नावावर पत्र येतं, तिथे दोन आठवडे थांबतं, फोटो असलेलं ओळखपत्र दाखवून सोडवायचं. बँक मात्र याला पत्ता मानायला सहसा राजी नसते. आणि सगळं जमलं तरी खरी मेख पुढेच: कार्डाचे पैसे खात्यात यायला एकदोन दिवस लागतात, उद्याचे अंक उचलायला रोकड मात्र आज रात्री लागते. विक्री वाढते आणि सकाळी माल घ्यायला पैसे नसतात. आपल्याकडच्या कुठल्याही फेरीवाल्याला हे दोन वाक्यांत समजेल.

त्याच्याकडे एक वही होती. निळी, पातळ, स्पायरलची. उचलले, विकले, उरले, असे तीन रकाने. ती नुसती हौस नव्हती. हा विक्रेता नोकर नव्हे आणि भिकारीही नव्हे, स्वतःचा धंदा करणारा माणूस धरला जातो, त्यामुळे घरभाड्याची सरकारी मदत मागायची तर उत्पन्न लिहून दाखवावं लागतं. पुढे त्याने चौथा रकाना आखला: पैसे दिले, अंक घेतला नाही.

म्हणजे मावशी.

या चौथ्या रकान्यावर तो अडून बसला. मदतकेंद्रातल्या बाईंना त्याने विचारलं, ही विक्री की दान? त्या म्हणाल्या, फॉर्मच्या दृष्टीने सगळं उत्पन्नच. म्हणजे सरकारही मावशींच्याच बाजूचं. आजच्या भावाने पाहा: मावशींनी पाच दिले. अंक घेतला असता तर विक्रेत्याला मालाचे दोन जाऊन तीन सुटले असते. घेतला नाही, तर पाचच्या पाच, आणि माल जागेवर. मित्र यावर वहीतून उत्तर काढायचा. अंक नेणारा पुढच्या सोमवारी पुन्हा येतो, चौथ्या रकान्यातला क्वचित येतो, कारण एकदा दया करून झाली की काम झालं. शिवाय अंक गाडीत उघडला जातो, शेजारचा तिरक्या नजरेने वाचतो, तीच जाहिरात. आणि संध्याकाळी चारला गठ्ठा सकाळइतकाच उंच दिसला तर येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, याचं काही विकलं जात नाही, हा नुसता उभा आहे. हातात एकच चुरगळलेला अंक धरून “शेवटचा आहे” म्हणत दिवसभर तोच न विकणारेही काही असतात, त्यांनी सगळ्यांचं नाव घालवलंय, यावर त्याचा आवाज चढायचा. युक्तिवाद वाईट नव्हता. पण प्रत्येकाच्या शेवटी पाच वजा तीन दोनच उरायचे.

म्हणून त्याने गणित सोडून एक रिवाज केला. चौथ्या रकान्यातला अंक पुन्हा विकायचा नाही. तो कुणीतरी विकत घेतलेला आहे, न्यायला विसरलंय इतकंच. असे अंक तो पिशवीच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायचा आणि रात्री बसमध्ये उतरताना बाकावर सोडून द्यायचा. सकाळी कुणी ना कुणी वाचतच असेल. अर्थात पावसाचा गुरुवार असला आणि हॉस्टेलचे पैसे भरायचे असले तर तोच कप्पा उघडून तेच अंक तो विकायचाही. दुसऱ्या दिवशी तसं सांगून टाकायचा, कुणी विचारलेलं नसताना.

२०१७ च्या शेवटी त्याला एका खोलीचं घर मिळालं. इथली सार्वजनिक भाड्याची घरं बहुधा उघडीबोडकी मिळतात: जमिनीवर सिमेंट, पडदे नाहीत, चूल नाही, सॉकेट मात्र भरपूर. वीज आधी पैसे भरायच्या मीटरवर होती. निळी प्लॅस्टिकची किल्ली दुकानात नेऊन तिच्यात पैसे भरायचे आणि मीटरमध्ये खोचायची. त्याने पहिले दहा पाउंड भरले आणि बघता बघता त्यातले चार गायब झाले. आधीच्या भाडेकरूची थकबाकी मीटरवर चढलेली होती आणि नव्याच्या पैशातून कापली जात होती. ताबा घेतल्याच दिवशी आकडा लिहून, वीज कंपनीला फोन करून मीटर स्वतःच्या नावावर शून्यापासून चालू करून घ्यायचा असतो. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर ज्या ज्या विक्रेत्याला घर मिळालं त्याला त्याचं अभिनंदन एकाच वाक्याचं असे: “किल्ली मिळाली? आधी मीटर.” पहिले काही आठवडे तो खोलीत झोपला नाही, दाराजवळच्या बोळात अंथरुण टाकायचा. शांततेने झोपमोड होते म्हणायचा. विक्री त्याने सोडली नाही. घर मिळालं म्हणजे आता जाकीट उतरवायला हवं, असं काही भल्या गिऱ्हाइकांना वाटे. जाकीट उतरवलं तर भाडं कोण देणार, हे ते विचारत नसत.

२० मार्च २०२० ला रस्त्यावरची विक्री थांबली. लोकांनी घरबसल्या वर्गणी भरली, अंक सुपरमार्केटात गेला, विक्रेत्यांना मदत पोचली. ६ जुलैला तो पुन्हा जिन्याशी उभा राहिला, तोंडाला मास्क, खिशात सॅनिटायझर. वॉटर्लू रिकामं होतं. त्याचे सोमवारचे १५ आता घरी, लॅपटॉपसमोर होते. वहीत त्या महिन्यांत तीन-चारच्या वर आकडा नाही. हिवाळ्यात छाती भरली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो गेला, स्वतःच्या खोलीत, पलंगावर. वय ५७. इंग्लंड आणि वेल्समधल्या बेघर पुरुषांच्या मृत्यूचं सरासरी वय २०१८ च्या सरकारी आकडेवारीत ४५ होतं. अंत्यविधीला तेव्हा ३० माणसांची मर्यादा होती. आलो एकोणीस. त्यातल्या अकरा जणांना त्याचं आडनाव तिथल्या पत्रिकेवर वाचून पहिल्यांदा कळलं, त्यांचा त्याच्याशी संबंध सोमवारपुरताच होता.

मावशींचा तो अंक गठ्ठ्यावर फार वेळ राहिला नाही. चारेक मिनिटांत एक घाईतला माणूस आला, यंत्रावर कार्ड टेकवलं, बीप वाजल्याची खात्री केली, वरचाच अंक उचलून काखेत मारला आणि भुयारी रेल्वेच्या जुबिली लाइनच्या जिन्याने खाली गेला. विक्रेत्याने उरलेले अंक मोजले आणि पावसाचा पहिला थेंब पडला तसं वर प्लॅस्टिक ओढलं. वही त्याच्याकडे दिसली नाही. मावशी तोवर चाकाखाली पोचल्या होत्या. मुलगी मागे मागे सरकत फोटो काढत होती आणि चाक काही केल्या फोटोत पुरं मावत नव्हतं.